कुंपणाला विचारायचं कुणी?

आपल्या सीमाभागात एक म्हण दोन्ही भाषांत चालते. मराठीत आपण म्हणतो, कुंपणानंच शेत खाल्लं. कानडीत म्हणतात, बेलिये एद्दु होल मेय्दंते; म्हणजे कुंपणच उठलं आणि शेत चरून गेलं. भाषा दोन, अनुभव एक. बाहेरची ढोरं आत येऊ नयेत म्हणून कुंपण घालता येतं. पण खुद्द कुंपणावर लक्ष कुणी ठेवायचं?

संगणकाच्या सुरक्षेचा अभ्यास करणारी मंडळी आज जगभर हाच प्रश्न विचारताहेत. ते त्याला 'इनसायडर थ्रेट' म्हणतात, म्हणजे आतल्या माणसाकडून असलेला धोका. यात मुद्दाम चोरी करणारा येतो, तसाच भोळेपणानं किंवा भीतीपोटी चोराला दार उघडून देणाराही येतो. या दुसऱ्या प्रकारात तुम्ही-आम्ही सगळेच बसू शकतो.

पूर्वी हा विषय गणिती आणि इंजिनिअर लोकांचा होता. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यांच्या शेजारी मानसशास्त्राचे आणि समाजाच्या रीतीभातींचे अभ्यासक येऊन बसले आहेत. कारण कुलूप कितीही भारी असलं तरी किल्ली माणसाच्या हातात असते. आणि तो माणूस कचेरीत एकटा नसतो. त्याच्या वर साहेब असतो, शेजारी सहकारी असतात, घरी कर्जाचा हप्ता असतो. तो कुणाला घाबरतो, कुणाला शब्द टाकू शकतो, यावर कुलपाची ताकद ठरते. विषय पुस्तकी वाटू नये म्हणून आज मी तुम्हाला माळव्यात नेतो. इंदूरच्या एका अंगाला देवास आणि दुसऱ्या अंगाला धार, या दोन गावांत.

देवासचा छापखाना

देवास आपल्याला परकं नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजे आपले कुमार गंधर्व, १९४८ मध्ये क्षयानं आजारी असताना हवापालटासाठी देवासला गेले आणि १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, तिथलेच होऊन राहिले. माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं 'भानुकुल' हे घर. कोल्हापूरकरांचं नातं त्याहून जुनं. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार हे राजर्षी शाहू महाराजांचे जावई. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंह १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शहाजी महाराज झाले.

त्याच देवासमध्ये १९७० च्या दशकात सरकारनं नोटांचा छापखाना काढला. मराठी माणसाला नाशिकरोडचा छापखाना ठाऊक असतो, कानडी माणसाला म्हैसूरचा. देवासचा 'बँक नोट प्रेस' त्याच तोलामोलाचा. नोटांना लागणारी खास शाई बनवण्याचा कारखानाही तिथेच आहे. अशा जागी भिंती, तारा, कॅमेरे आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो. आत जाताना तपासणी, बाहेर पडताना तपासणी.

जानेवारी २०१८ मध्ये तिथला एक वरिष्ठ अधिकारी या जवानांच्या हाती लागला. तो छापील नोटा तपासणाऱ्या विभागातला. छपाईत दोष राहिल्यामुळे बाद ठरलेल्या नोटा बुटांत आणि कपड्यांत लपवून बाहेर नेल्याचा त्याच्यावर आरोप होता. त्याच्या कचेरीतून आणि घरातून मिळून सुमारे ९० लाख रुपयांच्या नोटा जप्त झाल्याच्या बातम्या तेव्हा देशभर छापून आल्या.

बातमी वाचून बहुतेकांनी 'काय हा माणूस' म्हटलं आणि पान उलटलं. मला मात्र त्या बुटांचा विचार सोडवेना. ९० लाखांच्या नोटा एका दिवसात बुटातून जात नाहीत. म्हणजे हे काम कितीतरी दिवस चाललं असणार. त्या दिवसांत कुणाला काहीच खटकलं नसेल का? शेजारच्या टेबलावरच्याला? खालच्या हुद्द्याच्या कर्मचाऱ्याला? आणि खटकलं असेल तर तो बोलणार कुणाकडे? मजुराला 'बूट काढ' म्हणणं सोपं आहे. साहेबांना 'जरा बूट काढता का' म्हणायला वेगळंच बळ लागतं. शेवटी जवानांना हालचाली संशयास्पद वाटल्या आणि हुद्दा आड न येता झडती झाली, म्हणून प्रकरण उघडं पडलं.

योगायोग असा, की त्याच जानेवारीत मुंबईत पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतला हिरे व्यापाऱ्यांचा घोटाळा बाहेर आला. रक्कम पुढे तेरा हजार कोटींच्या घरात गेली. परदेशी बँकांना पाठवलेली हमीपत्रं बँकेच्या मुख्य हिशेबात नोंदलीच जात नव्हती. वर्षानुवर्षं एकाच टेबलावर बसलेला अधिकारी निवृत्त झाला, नवा माणूस आला, आणि हमीपत्र मागायला आलेल्यांना त्यानं विचारलं, 'यासाठी शंभर टक्के तारण रक्कम कुठे आहे?' त्यावर उत्तर आलं, 'आधी कधी कुणी मागितली नव्हती.' तिथून धागा सुटला. कोट्यवधींची यंत्रणा होती, पण घोटाळा सापडला तो एका साध्या प्रश्नामुळे.

धारचा भोज आणि गुपित

माणसांचा हा प्रश्न संशोधकांच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. आधी दोन वेगळी उत्तरं देऊन झाली होती. पहिलं उत्तर पाहायला देवासहून धारला जावं लागतं, आणि तेही हजार वर्षं मागे.

अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारेत परमार राजा भोज राज्य करत होता. त्याच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' नावाचा वास्तुशास्त्राचा मोठा संस्कृत ग्रंथ आहे. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेनं तो १९२४-२५ मध्ये छापून काढला. त्यात यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे. पाऱ्याच्या जोरावर उडणारा लाकडी पक्षी, कळसूत्री बाहुल्या, दारावर राखण करणारे लाकडी द्वारपाल अशी वर्णनं त्यात येतात. पण यंत्र नेमकं जोडायचं कसं, हे पूर्ण सांगितलेलं नाही. ग्रंथकर्ता त्याचं कारणही देतो. हे मला येत नाही म्हणून गाळलं असं समजू नका, गुप्तता राहावी म्हणून सांगितलं नाही, अशा अर्थाचं तो बजावतो.

हे झालं पहिलं उत्तर. रहस्य लपवा, म्हणजे सुरक्षित राहाल. आपले वैद्य, सोनार, आचारी हेच करत आले. मसाल्याचं प्रमाण सुनेलासुद्धा लवकर सांगायचं नाही, हाही त्यातलाच प्रकार.

दुसरं उत्तर १८८३ साली पॅरिसमध्ये मिळालं. ते देणारा ऑगस्ट केर्कहॉफ्स हा मूळचा डच आणि पेशानं भाषेचा प्राध्यापक. सैन्याच्या सांकेतिक लिपींवर लिहिताना त्यानं सांगितलं, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. आज तुमच्या मोबाईलमधल्या बँकेच्या ॲपचं कुलूप याच तत्त्वावर चालतं. कुलूप कसं बनतं ते जगाला माहीत आहे. तुमचा पिन आणि ओटीपी मात्र फक्त तुम्हाला माहीत असायला हवा.

भोजाच्या आणि केर्कहॉफ्सच्या उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. किल्ली ज्याच्याकडे आहे, तो ती देणार नाही. चोरांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. कुलूप फोडायला वर्षं लागतील, पण माणसाला फोन करायला दोन मिनिटं पुरतात.

फोनवरचा डॉक्टर

१९६६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉफलिंग या मनोविकारतज्ज्ञानं आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. इस्पितळात रात्रपाळीवर असलेल्या २२ परिचारिकांना वेगवेगळ्या वेळी फोन आला. पलीकडचा अनोळखी माणूस म्हणाला, 'मी डॉक्टर बोलतोय. अमुक पेशंटला अमुक औषधाचे २० मिलिग्रॅम द्या. मी थोड्या वेळानं येऊन सही करतो.' बाटलीवर स्पष्ट छापलं होतं, की दिवसाला जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. फोनवरून असा हुकूम घेणं नियमाविरुद्ध होतं. औषध इस्पितळाच्या मंजूर यादीतही नव्हतं. तरी २२ पैकी २१ जणी औषध घेऊन पेशंटकडे निघाल्या. संशोधकांनी त्यांना वाटेत थांबवलं. औषध अर्थात निरुपद्रवी होतं.

आणखी बोलकी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या परिचारिकांना आणि शिकणाऱ्या मुलींना तोच प्रसंग कागदावर देऊन विचारलं, तुम्ही काय कराल? जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, आम्ही औषध देणार नाही. मनातून आपण सगळेच शूर असतो. रात्री फोन वाजतो आणि पलीकडून साहेबी आवाज येतो, तेव्हा काय होतं ते वेगळं.

आता पुण्याला या. सप्टेंबर २०२२ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट या लस बनवणाऱ्या बड्या कंपनीतल्या एका संचालकाला व्हॉट्सॲपवर संदेश आला. पाठवणारा म्हणून कंपनीच्या प्रमुखांचं नाव होतं. या खात्यांवर ताबडतोब पैसे भरा, एवढंच काम. एक कोटीहून जास्त रक्कम गेली. नंतर कळलं, की प्रमुखांनी असा संदेश पाठवलाच नव्हता. इथे कुणी संगणकाचं कुलूप फोडलं नाही. फक्त एक नाव वापरलं.

म्हणून या लोकांना मूर्ख म्हणू नका. साहेबाचा शब्द लगेच झेलणं यालाच आपण चांगला नोकर म्हणतो. वर्षभर आपण त्याच गुणाचं कौतुक करतो, आणि चोर त्याच गुणाचा फायदा घेतो.

खुर्चीतलं अंतर

संस्कृतीचे अभ्यासक येतात ते या ठिकाणी. नेदरलँड्सच्या गीर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या पन्नासहून जास्त देशांतल्या नोकरांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. १९८० मध्ये त्यावरचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी एक मोजमाप मांडलं, पॉवर डिस्टन्स, म्हणजे सत्तेतलं अंतर. साहेबाशी असहमत व्हायला नोकर किती कचरतो, हे त्यातून ताडायचं. ऑस्ट्रियाचा आकडा ११ आला, डेन्मार्कचा १८ आणि भारताचा ७७.

एका कंपनीच्या नोकरांवरून अख्खा देश मोजता येतो का, अशी टीका त्यावर पुष्कळ झाली आणि ती रास्त आहे. बेळगावच्या बाजारपेठेतला दुकानदार आणि दिल्लीच्या सचिवालयातला कारकून एकाच आकड्यात कसे बसणार? पण आकडा बाजूला ठेवला तरी गोष्ट ओळखीची आहे. मराठीत 'होय साहेब', कानडीत 'हौदु सर'. दोन्ही शब्द आपल्या तोंडी विचाराच्या आधी येतात.

याचं एक जुनं चित्र देवासमध्येच लिहून ठेवलेलं आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली काही महिने तुकोजीरावांचे खासगी सचिव होते. त्यांची तिथली पत्रं आणि आठवणी १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' या नावानं प्रसिद्ध झाल्या. ही देवीची टेकडी म्हणजे भानुकुलाच्या मागची तीच टेकडी. संस्थानी लोभस आठवणी म्हणून हे पुस्तक वाचतात. मी ते एका कचेरीची हकीकत म्हणूनही वाचतो.

एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या, दोन दरबार. फॉर्स्टर यांच्याकडे बाग, टेनिसची मैदानं, मोटारी, पाहुण्यांचं घर आणि वीजघर अशी कामं सोपवलेली. नवा वाडा अजून बांधून होत होता, आणि दहा वर्षांपूर्वी बांधलेला भाग ढासळायला लागला होता. महाराज स्वभावानं प्रेमळ, भाविक, बुद्धिमान. फॉर्स्टर यांचा त्यांच्यावर फार जीव. पण दरबारात कानगोष्टी आणि संशय भरपूर. पुढे संस्थान कर्जात बुडालं, महाराज पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले.

मला त्यातून एकच गोष्ट जाणवते. मालक मायाळू असला म्हणजे खालचा माणूस खरं बोलेलच असं नाही. वाडा एकीकडून पडतो आहे, हे सगळ्यांना दिसत असतं. ते वर सांगायची रीत तिथे असावी लागते. देवास आणि धारचे पवार मूळचे मराठे. त्यांच्या दरबाराची रीत आपल्याला अनोळखी नाही. आपल्या कितीतरी कचेऱ्यांत आणि वाड्यांत ती अजून चालू आहे.

चूक सांगणारा आणि चूक लपवणारा

मग उपाय काय? ॲमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेनं १९९० च्या दशकात इस्पितळातल्या आठ विभागांचा अभ्यास केला. जिथे माणसं मिळून-मिसळून काम करतात तिथे औषधांच्या चुका कमी होत असतील, असा तिचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या विभागांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. बारकाईनं पाहिल्यावर उलगडा झाला. तिथे चुका जास्त होत होत्या असं नव्हे, तिथे त्या बोलून दाखवल्या जात होत्या. कडक मुख्य परिचारिकेच्या विभागात लोक गप्प बसत. वहीत चूक नाही, म्हणजे कामात चूक नाही, असा अर्थ होत नाही.

याच वर्षांत लंडनमध्ये ॲन ॲडम्स आणि अँजेला सासे या दोघी पासवर्डवर काम करत होत्या. १९९९ साली त्यांनी लेख लिहिला, त्याच्या मथळ्याचा अर्थ असा, की वापरणारे लोक शत्रू नव्हेत. माणसं पासवर्ड चिठ्ठीवर लिहितात, एकमेकांना देतात, ते आळसानं नव्हे. नियम आणि रोजचं काम यांचा मेळ बसत नाही म्हणून. मी एका पतसंस्थेत मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली अशी चिठ्ठी पाहिली आहे. पासवर्ड मॅनेजरचा होता. मॅनेजर वसुलीला बाहेरगावी, कर्जदार दारात, आणि मंजुरी फक्त त्यांच्या पासवर्डनं होणार. कारकुनानं करावं तरी काय? त्याला मेमो देऊन चिठ्ठी जाईल, पण अडचण जाणार नाही. सहीचा अधिकार दोघांना, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, असं केलं की चिठ्ठीची गरजच उरत नाही.

२०२१ साली स्वित्झर्लंडच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी एका कंपनीच्या १४ हजारांहून जास्त नोकरांवर १५ महिने केलेला प्रयोग जाहीर केला. नोकरांना खोटे ईमेल पाठवायचे आणि जो फसेल त्याला लगेच धड्याचं पान दाखवायचं, ही कंपन्यांची आवडती पद्धत. ती फारशी उपयोगी पडली नाही, उलट काही बाबतींत माणसं जास्त गाफील झाली. उपयोगी पडलं ते दुसरंच. संशयास्पद ईमेल दिसला की कळवण्यासाठी नोकरांना एक बटण दिलं होतं. कुणीतरी चटकन कळवायचं, आणि बाकीचे वाचायचे.

देवासच्या बुटापासून या बटणापर्यंत एकच गोष्ट निघते. शंका आली की ती बोलायला जागा हवी, आणि बोलणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. समजा, सकाळी अकरा वाजता कॅशियरच्या लक्षात आलं, की आपण भलत्याच लिंकवर बोट ठेवलं. साहेब समजूतदार असतील तर तो अकरा वाजून पाच मिनिटांनी सांगेल. साहेब चारचौघांत पाणउतारा करणारे असतील तर तो संध्याकाळपर्यंत स्वतःच निस्तरायला बघेल. मधल्या सहा तासांत पैसे पाच खात्यांतून फिरून गेलेले असतात. ती रक्कम चोरानं नेली खरी, पण त्याला वेळ कुणी दिला?

आता घरात

हे सगळं कचेरीचं झालं. पण चोरांनी आता कचेरी सोडून घराचा रस्ता धरला आहे. 'डिजिटल अरेस्ट' हा शब्द आपल्या आज्जी-आजोबांनाही पाठ झाला आहे. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशातला माणूस दिसतो. तुमच्या नावानं पार्सल सापडलंय, तुम्ही अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांतच या एका प्रकारात देशातल्या लोकांचे १२० कोटी रुपये गेल्याचं केंद्र सरकारच्या यंत्रणेनं सांगितलं. त्या वर्षी सगळ्या प्रकारची सायबर फसवणूक मिळून आकडा २२ हजार ८०० कोटींवर पोचला. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही.

हा खेळ हॉफलिंगच्या फोनसारखाच आहे. अधिकाराचा आवाज, घाई, आणि तिसरी गोष्ट म्हणजे गुप्तता. भोजानं यंत्र राखायला गुपित वापरलं. आजचा चोर तेच गुपित तुमच्यावर लादतो, कारण तुम्ही शेजारच्या खोलीत जाऊन मुलाला एक वाक्य बोललात तर त्याचा डाव मोडतो.

मग माणसं शेजारच्या खोलीत का जात नाहीत? भीती पोलिसाची असते, तशीच घरच्यांचीही असते. 'तुम्हाला कितीदा सांगितलं, फोन उचलू नका' हे वाक्य ज्या घरात रोज वाजतं, त्या घरातले अण्णा फसल्यावर कुणालाही सांगत नाहीत. बँकेतून एफडी मोडून येतात आणि गप्प जेवतात.

इथे आपल्या दोन भाषांनी मला विचारात पाडलं. मराठीत 'ऐक' म्हणजे कानानं ऐक, आणि सांगितलं तसं वागही. 'पोरगं ऐकत नाही' म्हणजे ते बहिरं असतं असं नव्हे. कानडीत 'केळु' म्हणजे ऐक, आणि 'केळु' म्हणजेच विचारही. वडीलधाऱ्यांचं केळबेकु म्हणतानाच त्यांना प्रश्न केळायची वाट त्या शब्दात उघडी राहते. आपल्या घरांत दोन्ही भाषा नांदतात. तेव्हा ऐकण्याची शिस्त मराठीतून घेऊ आणि विचारण्याची मुभा कानडीतून.

व्यवहारात एवढं करा. पैसे, घाई आणि 'कुणाला सांगू नका' या तीन गोष्टी एकत्र आल्या की फोन ठेवायचा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर उलट फोन करून विचारायचं. मुलगा अडचणीत आहे असा फोन आला तर मुलालाच लावायचा, साहेबांचा संदेश आला तर साहेबांनाच. फसगत झालीच तर १९३० हा नंबर लगेच फिरवायचा. चोरानं पैसे काढून घेण्याआधी तक्रार पोचली, तर वाटेतल्या खात्यांत ते अडवता येतात. म्हणून पहिला तास मोलाचा.

पतसंस्था, सौहार्द, दुकान, कारखाना चालवणाऱ्या वाचकांना वेगळी विनंती आहे. तुमच्या नावानं आलेल्या संदेशाची खात्री करायला एखादा कारकून तुम्हाला जेवणाच्या वेळी फोन करेल. त्याच्यावर खेकसू नका. 'बरं केलंस विचारलंस' एवढं चारचौघांत म्हणा. आणि गेटवर तपासणी असेल तर सगळ्यांच्या आधी स्वतःची पिशवी उघडून दाखवा. हिरियक्कन चाळि मनेमंदिगेल्ल, थोरल्या अक्काची सवय घरातल्या सगळ्यांना लागते, असं कानडीत म्हणतात ते खरं आहे. थोरल्यांनी एकदा बूट काढून दाखवले, की धाकट्यांना विचारायला भीती वाटत नाही.